पीएच.डी.ची परीक्षा केव्हा घ्यावी?

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायचे ठरवलेल्या शिक्षकापुढे किंवा एम.एड. झालेल्या विद्यार्थिनीपुढे सर्वांत आधी उभी राहते ती प्रवेशाची परीक्षा. कधी विद्यापीठाची पेट, कधी सेट, कधी राष्ट्रीय पातळीवरची नेट. नेटमध्ये तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात. ही परीक्षा १९८९पासून घेतली जाते आणि बरीच वर्षे तिच्यात लिहिण्याला जागा होती. तिसरा पेपर वर्णनात्मक असे. उमेदवाराला स्वतःच्या वाक्यांत मुद्दा मांडावा लागे आणि तो कोणा जाणत्या परीक्षकाला वाचावाही लागे. जून २०१२पासून तो पेपरही पर्यायी प्रश्नांचा झाला, २०१८मध्ये तीन पेपरांचे दोन झाले, आणि लिहिणे त्या परीक्षेतून संपले. मार्च २०२४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही जोडले. ज्यांना संशोधनवृत्ती मिळत नाही अशा उमेदवारांसाठी ७० टक्के भार नेटच्या गुणांवर आणि ३० टक्के मुलाखतीवर ठेवण्यात आला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८ जूनला नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा चर्चा झाली ती पेपरफुटीच्या संशयाची आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची. ती व्हायलाच हवी होती. पण ही परीक्षा संशोधकाच्या आयुष्यात योग्य वेळी येते का, आणि ती जे तपासते ते संशोधनाला लागते का, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

प्रवेश मिळाल्यानंतर काय होते ते पाहू. २०२२च्या नियमांनुसार किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क करायचे. त्यात संशोधन व प्रकाशनाची नीती हा विषय सक्तीचा आहे. ५५ टक्के गुण मिळाले की कोर्सवर्क संपते. मग आराखडा समितीपुढे मांडायचा, दर सत्राला सल्लागार समितीला प्रगती दाखवायची, आणि तीन ते सहा वर्षांत प्रबंध सादर करून शेवटी मौखिक परीक्षा द्यायची. या साखळीत प्रवेश आणि पदवी ही दोन्ही टोके भक्कम बांधलेली आहेत. मधल्या काळात मात्र विद्यार्थ्याशी जे काही बोलणे होते ते त्याच्या विषयापुरतेच असते. आपल्या विषयाच्या शेजारी काय चालले आहे, तो कोणत्या वादातून निघाला, विरुद्ध मताच्या अभ्यासकाला काय उत्तर द्यायचे, हे त्याला कोणी मांडायला लावत नाही. माझे म्हणणे असे की पीएच.डी.ची खरी परीक्षा या मधल्या काळात व्हायला हवी आणि प्रवेशावरचा भार त्या प्रमाणात हलका व्हायला हवा. इतर शाखांत याची गरज कमीजास्त असेल, शिक्षणशास्त्रात ती सर्वांत तीव्र आहे.

अशा परीक्षेची जुनी आणि भरपूर चिकित्सा झालेली परंपरा अमेरिकेत आहे. तिथली पीएच.डी. जर्मन विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली. येल विद्यापीठाने १८६१ साली पहिल्या पदव्या दिल्या आणि १८७६मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने संशोधन हेच विद्यापीठाचे मुख्य काम मानले. शिक्षणशास्त्र या परंपरेत पुढे आले. न्यूयॉर्कचे टीचर्स कॉलेज आणि १९२०मध्ये स्थापन झालेले हार्वर्डचे शिक्षण विद्यालय ही त्यातली ठळक नावे. तिथे विद्यार्थी साधारण दोन वर्षे अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि मग पात्रता परीक्षेला बसतो. काही ठिकाणी तिला व्यापक परीक्षा म्हणतात. तीन-चार प्राध्यापकांची समिती आणि विद्यार्थी मिळून वाचनाची यादी ठरवतात. लेखी भाग कुठे बंद खोलीत काही तासांचा असतो, कुठे घरी नेऊन आठवडा-दोन आठवड्यांत लिहायचा, तर कुठे प्रकाशनाच्या तोडीचा एक दीर्घ निबंध मागतात. त्यानंतर समितीपुढे दोन-तीन तासांची मौखिक परीक्षा होते. उत्तीर्ण झाल्यावरच तो विद्यार्थी पदवीचा अधिकृत उमेदवार ठरतो आणि प्रबंधाला हात घालतो. नापास झाल्यास बहुधा आणखी एक संधी मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत यावर एक फार शहाणा नियम आहे. पात्रता परीक्षेच्या समितीचा अध्यक्ष पुढे त्याच विद्यार्थ्याच्या प्रबंध समितीचा अध्यक्ष होऊ शकत नाही. विद्यार्थी तयार आहे की नाही याचा निवाडा त्याच्या भावी मार्गदर्शकाच्या एकट्याच्या हाती राहू नये, ही काळजी त्यामागे आहे.

अशा परीक्षेत काय विचारतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वर्गातली मुलांची संख्या कमी केली तर शिक्षण सुधारते का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९८५मध्ये यावर मोठा प्रयोग सुरू केला. बालवाडीपासून तिसरीपर्यंतची हजारो मुले यादृच्छिक पद्धतीने विभागली गेली. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे. लहान वर्गांतली मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना अधिक लाभ झाला. मग १९९६मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग वीसच्या आसपास आणले. एकाएकी हजारो नवे शिक्षक लागले. अनुभवी आणि प्रशिक्षित शिक्षक सुखवस्तू भागांतल्या शाळांकडे वळले आणि गरीब वस्त्यांत अपात्र शिक्षकांचे प्रमाण वाढले. परिणाम टेनेसीच्या तुलनेत फिका ठरला. चार पर्यायांच्या प्रश्नात टेनेसीच्या प्रयोगाचे वर्ष विचारता येते, निष्कर्षही विचारता येतो. पात्रता परीक्षेतला प्रश्न वेगळाच असतो. एका ठिकाणी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागू पडेल की नाही हे कशावरून ठरवायचे? प्रयोगाची मर्यादा कुठे सुरू होते? अर्थशास्त्रज्ञ याकडे कसे पाहील, वर्गात बसून वर्षभर निरीक्षण करणारा अभ्यासक कसे पाहील, आणि दोघांचे जमले नाही तर तू कोणाच्या बाजूने उभा राहशील, आणि का? असाच प्रश्न आपल्या जवळच्या पुराव्यावरही रचता येतो. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींकडून रोज दोन तास वेगळे शिकवण्याचा ‘बालसखी’ उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात राबवला गेला. त्याची यादृच्छिक चाचणी घेणाऱ्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण वाढले होते. यावरून सरकारने काय करावे आणि काय करू नये? याचे उत्तर पाठ करून देता येत नाही. ते देण्यासाठी संख्याशास्त्र, शाळेचे समाजशास्त्र, शिक्षकाच्या कामाचे स्वरूप आणि धोरणाचा इतिहास या सगळ्यांची एकत्र जाण लागते.

शिक्षणशास्त्राला ही परीक्षा जास्त लागते असे मी म्हणतो, त्याची कारणे या विषयाच्या घडणीतच आहेत. भौतिकशास्त्रात पीएच.डी.ला येणारा विद्यार्थी पाच-सहा वर्षे भौतिकशास्त्रच शिकून आलेला असतो. शिक्षणशास्त्रात येणाऱ्यांपैकी कोणी मराठीचा पदवीधर असतो, कोणी गणिताचा, कोणी शारीरिक शिक्षणाचा, कोणी पंधरा वर्षे मुख्याध्यापकी केलेला. बी.एड. आणि एम.एड. या पदव्या मुख्यतः शिकवण्याच्या धंद्यासाठी आखलेल्या आहेत, त्यामुळे संशोधनाची सामायिक पायाभरणी झालेलीच नसते. शिवाय विषय स्वतः उसन्या पद्धतींवर जगतो. मानसशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र अशा प्रत्येकाकडून काही ना काही घेतलेले असते. डेव्हिड बर्लिनर या अमेरिकी अभ्यासकाने २००२मधल्या एका लेखात शैक्षणिक संशोधनाला सर्व विज्ञानांत कठीण म्हटले होते. त्याचे कारण त्याने संदर्भात शोधले. वर्ग, शिक्षक, मुले, गाव आणि काळ बदलला की निष्कर्ष हलतो. विषय इतका अवघड असताना त्यातल्या प्रबंधांची स्थिती काय आहे? डेव्हिड बूट आणि पेनी बाइल यांनी २००५मध्ये अमेरिकेतल्या तीन सरकारी अनुदानित संस्थांमधले शिक्षणशास्त्राचे १२ प्रबंध घेऊन त्यांतला पूर्वसंशोधनाचा आढावा तपासला. बहुतेक आढावे याद्या देत होते, चिकित्सा करत नव्हते. कोणते संशोधन घेतले, कोणते वगळले आणि का, हे क्वचितच सांगितलेले होते. प्रबंध बाराच होते, म्हणून या अभ्यासावर मोठी इमारत रचू नये, हे मान्य. पण आपल्याकडच्या प्रबंधांतले दुसरे प्रकरण ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. ‘अमुक यांनी अमुक साली अमुक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, निष्कर्ष पुढीलप्रमाणे’ अशा परिच्छेदांची रांग असते, आणि त्या रांगेतून आपला प्रश्न कसा जन्मला हे शेवटपर्यंत कळत नाही. साधन तर आपल्याकडे होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या प्रगत अध्ययन केंद्राने एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४मध्ये भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण छापले आणि पुढेही ही मालिका चालू राहिली. सामग्री हाताशी असूनही तिच्याशी वाद घालण्याची सवय लागली नाही, कारण ती सवय तपासणारी जागाच अभ्यासक्रमात नाही.

या परीक्षेवर अमेरिकेतच कडक टीका झाली आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. पात्रता परीक्षा पार केलेल्या पण प्रबंध न लिहिलेल्यांची तिथे मोठी संख्या असते. पदवीधर विद्यालयांच्या परिषदेने केलेल्या पाहणीत दहा वर्षांनंतर पीएच.डी. पूर्ण केलेल्यांचे प्रमाण अभियांत्रिकीत ६४ टक्के, सामाजिक शास्त्रांत ५६ आणि मानव्यविद्यांत ४९ टक्के आढळले. सरकारी पाहण्यांत डॉक्टरेटपर्यंत पोहोचायला सर्वाधिक वर्षे शिक्षणशास्त्रातल्या विद्यार्थ्यांना लागतात असे दिसते. त्यांतले कित्येक मधली वर्षे शाळांत नोकरी करत असतात, हेही त्याचे एक कारण आहे. म्हणजे परीक्षा पुढच्या कामासाठी तयार करत नाही, उलट भीती आणि दिरंगाई वाढवते, असे टीकाकार म्हणतात. बार्बरा लोव्हिट्स यांचे २००१चे पुस्तक या बाबतीत महत्त्वाचे आहे. पीएच.डी. सोडून गेलेले विद्यार्थी पूर्ण करणाऱ्यांपेक्षा बुद्धीने कमी नव्हते, असे त्यांना आढळले. त्यांना सोडायला लावले ते विभागातल्या एकटेपणाने, अस्पष्ट अपेक्षांनी आणि दुर्लक्षाने. मला वाटते, हा निष्कर्ष मधल्या परीक्षेच्या विरोधात जात नाही. विरोधात जाते ती वाईट रीतीने घेतलेली परीक्षा. यादी कुठे संपते हे माहीत नाही, निकष सांगितलेले नाहीत, वर्षभर कोंडून घेऊन पाठांतर करायचे, अशी परीक्षा एकटेपणा वाढवणारच. त्याच परीक्षेत वाचनाची यादी चार जणांनी मिळून ठरवली, मसुदे एकमेकांना दाखवले आणि समितीने नापास का केले हे लेखी सांगितले, तर दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याकडे बारकाईने पाहण्याची सक्ती विभागावर येते. लोव्हिट्सना जे दुर्लक्ष दिसले त्यावर हाच उपाय आहे. सुधारणाही त्याच दिशेने झाल्या. कार्नेगी प्रतिष्ठानने २००१ ते २००५ या काळात सहा शाखांतल्या डॉक्टरेटची फेरतपासणी हाती घेतली. त्यांत शिक्षणशास्त्र होते. २००७मध्ये केवळ शिक्षणातल्या डॉक्टरेटसाठी वेगळा प्रकल्प सुरू झाला आणि प्रत्यक्ष शाळा चालवणाऱ्यांची पदवी संशोधकांच्या पदवीपासून वेगळी करण्याची खटपट झाली. अनेक विभागांनी बंद खोलीतली परीक्षा सोडून निबंध, कामाचा संग्रह आणि मौखिक चर्चा यांकडे मोर्चा वळवला. परीक्षेचे रूप बदलले तरी ती जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही.

आपल्याकडून घेतला जाईल तो आक्षेप मात्र वेगळा आणि अधिक वजनदार आहे. पर्यायी प्रश्नांची परीक्षा उथळ असेल, पण ती जात, गाव, आडनाव आणि ओळख पाहत नाही. निबंध आणि मौखिक परीक्षा आली की परीक्षकाची मर्जी आली, आणि मर्जी आली की वशिला आला. ज्यांच्या मागच्या पिढ्यांत कोणी विद्यापीठाची पायरी चढले नाही त्यांना हा धोका पुस्तकी वाटत नाही. मुलाखतीत गुण कापले गेल्याच्या तक्रारी देशभर होत आल्या आहेत. म्हणून मी प्रवेशाची परीक्षा काढून टाका असे म्हणत नाही. संशोधनवृत्ती कोणाला द्यायची, जागा मोजक्या असताना कोणाला घ्यायचे, यासाठी समान आणि यंत्राने तपासलेली चाचणी राहू द्यावी. तिने किमान पात्रता पाहावी आणि तिथेच थांबावे. पण मर्जीचा धोका आजही तसाच आहे, त्याची जागा तेवढी बदललेली आहे. २०२२च्या नियमांत सल्लागार समितीचा निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतो. प्रगती समाधानकारक आहे की नाही हे ज्या समितीत ठरते तिची सूत्रे ज्याच्या हाताखाली विद्यार्थ्याला पाच वर्षे काढायची आहेत त्याच्याकडेच आहेत. विषय बदलावा का, मार्गदर्शक बदलावा का, हे विचारायला विद्यार्थ्याजवळ दुसरे दार नाही. बर्कलीसारखा नियम इथे आला तर मार्गदर्शकाबाहेरच्या दोन-तीन प्राध्यापकांना विद्यार्थ्याचे काम लेखी स्वरूपात माहीत होईल, त्यांचे लेखी मत नोंदले जाईल, आणि पुढे काही बिनसले तर त्याला पुरावा म्हणून बोट दाखवायला कागद असेल. मधली परीक्षा नीट आखली तर ती दुबळ्या बाजूच्या विद्यार्थ्याचे संरक्षणच करते. त्यासाठी निकष आधी छापलेले असावेत, एक परीक्षक दुसऱ्या विद्यापीठाचा असावा, मौखिक परीक्षेचे ध्वनिमुद्रण असावे आणि दुसरी संधी हक्क म्हणून मिळावी.

कोर्सवर्कची परीक्षा आहेच, मग आणखी एक कशाला, असेही विचारले जाईल. कोर्सवर्कच्या परीक्षेत शिकवलेले विचारले जाते. नमुना निवडीचे प्रकार लिहा, गृहीतकृत्याची व्याख्या द्या. मधल्या परीक्षेत न शिकवलेले विचारायचे असते. शिवाय आणखी एक थांबा अलीकडेच नाहीसा झाला. एम.फिल. ही पदवी २०२२पासून बंद झाली. तिच्यात दोष अनेक होते, पण दीड-दोन वर्षे लहान प्रबंधावर काम केल्यावर ‘हे आपले क्षेत्र नाही’ असे कळलेला विद्यार्थी हातात पदवी घेऊन मानाने बाहेर पडू शकत असे. आता आत शिरलेल्याला सहाव्या वर्षापर्यंत कोणी काही सांगत नाही. नोकरी सांभाळून, रजा मागून, घरच्यांचा वेळ घेऊन काम करणाऱ्या शिक्षकाला सत्य दुसऱ्या वर्षी कळणे आणि सहाव्या वर्षी कळणे यांत फार फरक आहे. मधल्या टप्प्यावर थांबणाऱ्याला त्याने पूर्ण केलेल्या श्रेयांकांचे संशोधन पद्धतीतले प्रमाणपत्र देण्याची सोय विद्यापीठांनी करावी. रिकाम्या हाताने कोणी परत जाऊ नये.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. नेटचा शिक्षणशास्त्राचा पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमात डी.एड., बी.एड., एम.एड. केलेल्या आणि मराठी शाळेत शिकवणाऱ्या उमेदवाराला पीएच.डी.च्या दारातच परक्या परिभाषेशी झगडावे लागते, आणि त्या झगड्याचा त्याच्या संशोधनबुद्धीशी काही संबंध नसतो. विद्यापीठाच्या पातळीवर घेतलेली मधली परीक्षा मराठीतून सहज होऊ शकते. वाचनाची यादी इंग्रजी-मराठी मिश्र ठेवावी, कारण टेनेसीचा प्रयोग मराठीत आलेला नाही. पण युक्तिवाद विद्यार्थ्याला ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत करू द्यावा. तसे झाले तर जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन, ताराबाई मोडकांची कोसबाडची बालवाडी आणि आजच्या जिल्हा परिषद शाळांतले प्रयोग हे आपल्या शिक्षणविचाराचे मूळ साहित्य म्हणून यादीत येईल. आज ते बहुधा प्रस्तावनेतल्या वंदनापुरते येते.

गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक कारण भक्कम झाले आहे. भाषिक प्रारूपांवर चालणारी यंत्रे आता पूर्वसंशोधनाचा आढावा काही मिनिटांत लिहून देतात आणि तो वाचायला ठीकही वाटतो. घरी नेऊन लिहायच्या निबंधाचे वजन त्यामुळे कमी झाले. समोर बसलेल्या तीन जणांनी ‘हा अभ्यास तुम्ही का घेतला, त्याच्या विरुद्ध निष्कर्ष कोणाचा आहे, तुमच्या तालुक्यात तो का लागू पडणार नाही’ असे विचारले की मात्र वाचलेले आणि न वाचलेले वेगळे दिसते. शेवटच्या खुल्या मौखिक परीक्षेतही हे दिसू शकते, पण तोवर बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आलेले असतात, नातलग सभागृहात बसलेले असतात, आणि त्या दिवशी कोणालाही मागे पाठवणे अशक्यप्राय झालेले असते.

राहता राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. प्रत्येकाची दोन-तीन तासांची परीक्षा, शिवाय त्यांचे लेखन वाचणे, हे काम विभागांना झेपेल का? कित्येक ठिकाणी शिक्षणशास्त्राच्या विभागातली पदे रिकामी आहेत आणि संशोधन केंद्रे बी.एड. महाविद्यालयांत दोघा-तिघांच्या बळावर चालतात. याचे उत्तर परीक्षा न घेणे हे होऊ शकत नाही. ज्या केंद्राला आपल्या विद्यार्थ्याचे पन्नास पाने लेखन वाचायला तीन माणसे जमवता येत नाहीत, त्या केंद्राने चौथा, पाचवा विद्यार्थी घ्यावाच का, हे आधी विचारले पाहिजे. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागांनी परीक्षकांची सामायिक यादी केली आणि दूरदृश्य बैठकीतून मौखिक परीक्षा घेतल्या तर प्रवासखर्चही उरत नाही. यासाठी दिल्लीच्या नव्या अधिसूचनेची वाट पाहण्याचेही कारण नाही. १२ श्रेयांक ही कोर्सवर्कची किमान मर्यादा आहे. त्यापुढचे चार श्रेयांक या परीक्षेला देण्याचा ठराव विद्यापीठाच्या विद्या परिषदेपुढे मांडता येतो, आणि पुढच्या प्रवेशापासून तो लागूही करता येतो.